अकरा टप्प्यांची वेण्णा : संगम माहुली ते जुनं महाबळेश्वर, तीन दिवसांची नदीवाट

माझं घर साताऱ्यात, शाहूपुरीला. आमच्या नळाला कण्हेर धरणाचं पाणी येतं, म्हणजे वेण्णेचं. नोकरी एसटीत, वाहकाची. २८ वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं सातारा–मेढा–केळघर–महाबळेश्वर या एकाच रस्त्यावर गेली. घरी वेण्णेचं पाणी प्यायचं आणि ड्युटीवर वेण्णेच्या काठानं तिकिटं फाडायची, असा सगळा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर मुलीनं एकदा सहज विचारलं, "बाबा, तुम्ही त्या नदीत उतरलात कधी?" आठवून पाहिलं. मेढ्याजवळ गाडी बंद पडली होती तेव्हा हातपाय धुवायला एकदा उतरलो होतो. त्यापलीकडे काही आठवेना.

मग तिनंच जावळीतल्या काही तरुणांनी सुरू केलेल्या नदीवाटेला माझं नाव नोंदवलं. ऑक्टोबरातले तीन दिवस, दोन मुक्काम, माणशी ३,४०० रुपये. त्यात जेवणखाण, झोपायची सोय आणि लागेल तिथं जीप. मंडळी १२ पेक्षा जास्त घेत नाहीत. आम्ही ९ होतो. सुरुवात संगम माहुलीला, शेवट जुन्या महाबळेश्वरला, म्हणजे पाण्याच्या उलट्या दिशेनं. ज्यांना नदीबद्दल थोडीही ओढ आहे त्यांनी हे पैसे खर्चावेत असं माझं स्पष्ट मत आहे. काही गोष्टी त्यांनी सुधारायला हव्यात, त्याही लिहितो.

खालून वर का, असं मी पहिल्याच दिवशी वाटाड्याला विचारलं. पोरगा पंचविशीतला, केळघर खोऱ्यातलाच. म्हणाला, "काका, वरनं खाली आलं की पाणीच आपल्याला नेतंय, काय ठरवावं लागत नाही. खालनं वर गेलं की दर संगमावर थांबून ठरवावं लागतंय, ह्यातली वेण्णा कुठली." तीन दिवस आम्ही खरोखर तेवढंच केलं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही सहल लोकांना सुचवतो.

जुन्या सातारा गॅझेटियरात वेण्णेची लांबी सुमारे ४० मैल दिली आहे, म्हणजे ६४ किलोमीटर. एसटीचा भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणून माझ्या हिशेबात वेण्णा अकरा टप्प्यांची. महाबळेश्वरच्या पठारावर निघते, लिंगमळ्याला कड्यावरून खाली पडते, मेढ्यावरून कण्हेरला येते आणि साताऱ्याच्या पूर्वेला माहुलीत कृष्णेला मिळते. उत्तरेला हातगेगड–आरळेची डोंगररांग, दक्षिणेला यवतेश्वर–कासची, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही नदी. खोरं अरुंद असल्यामुळे तिला मिळणारं पाणी आखूड ओढ्यांतूनच येतं. माशाचा काटा डोळ्यांसमोर आणा. मधला कणा वेण्णा, आणि दोन्ही बाजूंचे बारीक काटे म्हणजे ओढे.

पहिला दिवस माहुलीचा. जीप दीड तास उशिरा आली. सकाळच्या कोवळ्या उन्हात संगम पाहायचा होता तो अकराच्या कडक उन्हात पाहिला. असं व्हायला नको होतं, आणि पोरांनी ते मान्यही केलं. पण माहुलीत त्यांनी घाई केली नाही. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं विश्वेश्वराचं मंदिर, छत्रपती शाहू महाराजांची समाधी, पलीकडच्या तीरावर क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. हे सगळं सातारकराला माहीत असतं, मीही पाहुण्यांना घेऊन दहादा आलो असेन. पण दर वेळी पाठ नदीकडे आणि तोंड देवळाकडे. या वेळी पोरानं आम्हाला घाटाच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि दोन पाणी कुठं एकमेकांत जातात ते बघायला सांगितलं. कृष्णा उत्तरेकडून येते, वेण्णा पश्चिमेकडून. वेण्णेचं पाणी जरा निवळ होतं, कारण ते धरणात थांबून, गाळ टाकून आलेलं. दोन्ही पाण्यांमध्ये एक पुसट रेघ काही अंतर टिकून राहते आणि मग विरते. आमच्याबरोबर नागपूरच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही वेणा आहे, हिंगणघाटावरून जाते. नावाची ही जुळी बहीण मला ठाऊक नव्हती.

माहुलीहून कण्हेरपर्यंतचा पट्टा मात्र त्यांनी जीपनं तासाभरात उरकला. वाढ्याच्या पुलावर पाच मिनिटं थांबवलं, तेवढंच. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. शहराजवळची नदी घाण असते, काठाला चालायला वाट नसते, हे मान्य. पण साताऱ्याची माणसं याच पट्ट्यात नदीला भेटतात. आता मोळाचा ओढाच घ्या. साताऱ्यातून मेढ्याकडं निघालं की हा थांबा. मी हजारो वेळा ऐकलंय, "मास्तर, मोळाचा ओढा एक." थांबा सगळ्यांना ठाऊक, पण ज्याच्यावरून नाव पडलं तो ओढा कुठून येतो आणि कुठं जातो, हे कुणी विचारत नाही. यवतेश्वरच्या अंगाचं पाणी घेऊन तो खाली वेण्णेकडंच जातो. नदीचे ओढे दाखवायला निघालेल्या सहलीत हा ओढा नसावा, याचं मला वाईट वाटलं. मी तसं बोललो. पोरगा वहीत लिहून घेत होता.

कण्हेरचं धरण मातीचं, जवळपास दोन किलोमीटर लांब, ५० मीटर उंच, १९८६ सालचं. पाणीसाठा १०.१ टीएमसी. हे आकडे पोरांच्या छापील पत्रकात आहेत आणि बरोबर आहेत. धरणावरून त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. धरणाखालची वेण्णा किती वाहायची हे आता पाऊस ठरवत नाही, दरवाजे ठरवतात. आरफळच्या कालव्यानं हे पाणी कोरेगाव, कऱ्हाडच्या पुढं शेतांना जातं. मला मात्र तिथं माझे जुने प्रवासी आठवले. जलाशय दिसायला लागला की काही म्हातारी माणसं खिडकीतून हात जोडायची. नवीन नवीन असताना मी एका आज्जींना विचारलं होतं, इथं देऊळ कुठाय? त्या म्हणाल्या, "हाय की. पाण्यात हाय." हे मी जलाशयाच्या काठावर सगळ्यांना सांगितलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मुक्काम मेढ्याच्या पुढं एका घरात. जेवण उत्तम, आणि हा शब्द मी विचार करून लिहितोय. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, लसणाची चटणी, वर ताक. दुसऱ्या रात्री ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आणि इंद्रायणीचा भात. जे खात नाहीत त्यांच्यासाठी कुळथाचं पिठलं. अंथरूण-पांघरूण स्वच्छ होतं. शौचालय घराच्या मागं, थोडं चालून, आणि रात्री तिथं दिवा नव्हता. माझ्या वयाच्या माणसांसाठी एक दिवा लावावा.

दुसरा दिवस म्हणजे या सहलीचा जीव. मेढा ते केळघर, नदीच्या काठाकाठानं, दीड टप्प्याच्या आतबाहेर. रस्त्यानं हे अंतर गाडी पाव तासात कापते. आम्हाला सकाळी सातपासून दुपारी तीन वाजेपर्यंत लागले. भातखाचरांच्या बांधावरून, खडकावरून, दोनदा गुडघाभर पाण्यातून. भात पिवळा पडत आलेला. खडकात पाण्यानं कोरलेले रांजणखळगे आहेत, काहींत अख्खा माणूस उभा राहील. त्यांच्या तळाशी गोल गुळगुळीत धोंडे असतात. तेच पावसाळ्यात पाण्याबरोबर फिरून खळगा खोल करतात.

आणि ओढे! डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी मिळून मी १७ मोजले, लहान ओहोळ सोडून. गाडीत बसलेल्या माणसाला यातला प्रत्येक ओढा म्हणजे रस्त्याखालची एक मोरी. चाकाचा आवाज जरा बदलतो, बस. खालून पाहिलं तर प्रत्येकाला स्वतःचं तोंड आहे, स्वतःचा धोंड्यांचा ढीग आहे, काठाला उंबर किंवा करंज आहे. पोरानं एक वही केली आहे. गावागावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तो ओढ्यांची नावं लिहून ठेवतो. कुणाचं नाव आंब्याच्या झाडावरून, कुणाचं म्हसोबावरून, कुणाचं ज्याच्या रानातून येतो त्या भावकीवरून. एकाच ओढ्याला वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या गावात दुसरं, असंही आहे. ही वही हाच त्यांचा खरा ठेवा आहे. तिच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या घरी ठेवा, असं मी त्याला बजावलं.

दर संगमावर तो थांबवायचा. एक पाय या पाण्यात, दुसरा त्या पाण्यात. एक गार, एक कोमट. झाडीतून आलेलं गार, उघड्या खाचरांतून आलेलं कोमट. मग विचारायचा, "कुठलं पाणी जास्त हाय?" आणि मोजायला लावायचा. काठानं १० मीटर मोजून दोन खुणा करायच्या, वरच्या खुणेला वाळकं पान सोडायचं आणि खालच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पट्टीनं रुंदी, काठीनं चार-पाच ठिकाणी खोली. १० मीटरला त्या सेकंदांनी भागलं की वेग. वेग, रुंदी आणि खोली या तिन्हींचा गुणाकार, आणि वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं म्हणून त्यातला पाचवा हिस्सा वजा. एका ओढ्याचा हिशेब मी केला. रुंदी ३ मीटर, खोली सरासरी ३० सेंटिमीटर, पानाला लागले २० सेकंद. सेकंदाला ४५० लिटर, पाचवा हिस्सा गेला, राहिले ३६०. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर अर्ध्या मिनिटाच्या आत भरेल.

टँकरचं उदाहरण मुद्दाम देतोय. त्या रात्री आम्हाला जेवू घालणाऱ्या ताईंना मी हा आकडा सांगितला. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आत्ता काय वं, आत्ता हायच पाणी. एप्रिलात या. आमीच टँकरची वाट बघतोय." हे मी गाडीतूनही पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात वरच्या खोऱ्यात धार तुटते आणि डोह उरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, खाली साताऱ्यात हजाराच्या आसपास. एवढा पाऊस माथ्यावर घेऊन ही गावं उन्हाळ्यात कोरडी, कारण उतार तीव्र, खाली काळा पाषाण, पाणी आलं तसं धावत सुटतं आणि कण्हेरला जाऊन थांबतं. केळघर खोऱ्यातल्या गावांनी बोंडारवाडीला धरण व्हावं म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आहे ती यासाठी. मी खालच्या अंगाचा माणूस, माझ्या नळाला बारा महिने पाणी आहे. ताईंपुढं माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. ही भेट घडवली नसती तर सहल नुसती निसर्गाची राहिली असती.

केळघरच्या वर बोंडारवाडीच्या अंगाचं पाणी आणि लिंगमळ्याकडून येणारं पाणी यांतलं मूळ वेण्णा कुठलं, यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. एका गृहस्थांचं म्हणणं, जे लांबून येतं ते मूळ. नागपूरच्या बाई म्हणाल्या, ज्याच्यात पाणी जास्त ते. पोरगा म्हणाला, "जे म्हाबळेसरच्या देवळातनं निघालंय म्हणत्यात, ते. लोकांनी आधी देव बघितला, मग पाणी मोजलं." मला त्याचं पटलं.

त्याच संध्याकाळी केडंब्याच्या वरच्या डोंगरधारेवर नेलं. केडंबे हे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं गाव. गावात उभे असताना सगळे आपोआप गप्प झाले. धारेवर पोहोचल्यावर एक बांध दाखवला. बांधाच्या या अंगाला पडलेला पाऊस वेण्णेत, त्या अंगाला पडलेला कुडाळीत. कुडाळी हीसुद्धा छोटीच नदी, कुडाळवरून जाऊन पाचवडच्या खाली कृष्णेला मिळते. वेण्णा मिळते माहुलीला. एकाच बांधावरचे दोन थेंब वेगळ्या खोऱ्यांतून जाऊन शेवटी कृष्णेतच. पाचवडला मी किती वेळा घंटी मारून गाडी थांबवली असेल, पण इतकी वर्षं डोक्यात रस्ताच होता, खालचं पाणी कधी जुळलंच नाही. ही चढण दमवते. गुडघे दुखत असतील तर खाली थांबा, पोरं त्याबद्दल नावं ठेवत नाहीत. आमच्यातले दोघे थांबले, त्यांना चहा मिळाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्याच्या टोकाला जाऊन लिंगमळ्याचा धबधबा खालून, लांबून दाखवला. साधारण ५०० फुटांचा कडा. पर्यटक तो वरून पाहतात, खालून पाहताना कळतं की आपण दोन दिवस ज्या पाण्यातून चाललो ते कुठून पडलंय. मग जीपनं केळघर घाट. काळ्या कड्याजवळ पावसाळ्यात दरडी येतात. तिथून गाडी पुढं काढताना चालक आणि मी दोघंही श्वास धरून असायचो, ते आठवलं.

वर गेल्यावर जमिनीचा रंग बदलतो, काळ्याचा तांबडा. हा जांभा. स्पंजासारखा. पावसाळ्यात पाणी पोटात घेतो आणि वर्षभर झऱ्यांतून सोडतो. म्हणून माथ्यावर झरे जिवंत आणि खाली खोऱ्यात डोह कोरडे, ही उलटी गंमत तिथं उमगली. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा कागद फाटून एका ओहोळात अडकलेला दिसला. पोरांनी तो ओढून काढला आणि गोणीत भरला. दर फेरीला एक गोणी भरते म्हणाले. जे पाणी वर अडतं तेच खाली माझ्या नळाला येतं, त्यामुळं मीही हात लावला.

आता पत्रकातली एक चूक. त्यात "उगम : वेण्णा लेक" असं छापलं आहे. ते बदला. वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला, झऱ्यांचं पाणी अडवून. नदी त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाचही जणींची नावं घेतात. सावित्रीच्या शापानं विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा आणि ब्रह्मदेव कोयना, अशी कथा आहे. माझ्या आईकडून मी ती ऐकली होती. वेण्णा माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला. म्हणजे शापानं फुटलेले तिघे कऱ्हाडात परत एक होतात. पोरानं ही कथा गोमुखासमोर सांगितली, फार न रंगवता. पाण्याला हात लावला तेव्हा ते केळघरच्या त्या झाडीतल्या ओढ्याइतकंच गार होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पावसाळ्यात ही वाट नसते, आणि नसावीच. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. रबरी तळाचे बूट घ्या, चपला शेवाळावर टिकत नाहीत. हातात काठी हवी, ती तेच देतात. लहान मुलांना दुसऱ्या दिवसाचं चालणं जड जाईल. पैसे आधी निम्मे, उरलेले शेवटी. पावती मिळते. जीपच्या वेळेची हमी त्यांनी द्यायला हवी.

मी महाबळेश्वर–सातारा गाडीनं, मेढामार्गे परतलो. वाहक नवीन पोरगी होती, मशीनवर तिकीट काढून दिलं. खिडकीशी बसून मोऱ्या मोजत आलो. मेढ्याच्या आधीच गाडीत गर्दी झाली, मोजणी चुकली.

चार दिवसांनी पोराचा फोन आला. पुढच्या फेरीपासून पहिल्या दिवशी मोळाच्या ओढ्यापासून वेण्णेच्या काठापर्यंत पायी चालायचं ठरवलंय, पण वाट त्यांना माहीत नाही. दाखवाल का, म्हणून विचारत होता. रविवारी सकाळी सात वाजता थांब्यावर ये म्हणून सांगितलंय. आमच्या हिलाही बरोबर नेणार आहे.